परवाना मिळाला, परीक्षा राहिली



मागील वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या धर्मग्रामातील एका बावीस वर्षांच्या तरुणास आम्ही मातीआड केले. त्याची मोटारसायकल नवी होती. बैठकीवरील प्लास्टिकचे वेष्टनही अजून निघाले नव्हते. बालाघाटहून बैहरला परतताना उकव्याच्या अलीकडे एका वळणावर खडी पसरलेली होती, समोरून ट्रक आला, आणि जे व्हावयाचे ते झाले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेसाठी आम्ही त्याच्या घरी गेलो. खुंटीवर त्याचे हेल्मेट टांगलेले होते. आईने ते पुसून स्वच्छ ठेवले होते. आमच्यापुढे चहाचा कप ठेवीत ती माउली म्हणाली, "फादर, लायसन होते की हो त्याच्याकडे. सरकारने परीक्षा घेतली होती ना त्याची?"

सांत्वनाचे चार शब्द आम्ही बोललो. पण तिच्या ह्या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस जमले नाही. घरी आल्यावर कपाटातून आमचा स्वतःचा परवाना काढला व दिव्याखाली धरून पाहिला. वीस वर्षांपूर्वीची ती परीक्षा आम्हांस चांगली आठवते. मैदानावर चुन्याने इंग्रजी आठाचा आकडा काढलेला होता. त्यावरून पाय न टेकता एक फेरी मारली, डावा-उजवा हात करून दाखविला, चार फलक ओळखले, आणि दहा मिनिटांत आम्ही जन्मभरासाठी लायक ठरलो. त्या आकड्यात घाटाचे वळण नव्हते, रात्र नव्हती, पावसाची सर नव्हती. मागे बसलेला माणूस नव्हता आणि समोरून येणारा ट्रक तर नव्हताच. कायद्याचा ह्यात दोष काढावा असे आम्हांस वाटत नाही. शिकाऊ परवाना निघाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तीस दिवसांत मूल पोहावयास शिकले, तर त्यास विहिरीत उतरू द्यावे. वैनगंगेच्या पुरात कोणी सोडीत नाही. चूक आमची ही, की विहिरीचा दाखला आम्ही पुराचा म्हणून खिशात बाळगतो.

आता थोडे आकडे देणे भाग आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर बसलेले होते. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले जे चालक व मागे बसणारे दगावले त्यांची संख्या ५०,०२९ होती. एवढी माणसे एखाद्या साथीच्या रोगाने गेली असती तर गावोगाव लस टोचणारी पथके फिरली असती. येथे मात्र आपण कपाळावर हात मारून 'त्याची वेळ आली होती' असे म्हणतो आणि दुसऱ्या मुलास दुसरी मोटारसायकल घेऊन देतो.

सरकारी परवान्याच्या पुढची परीक्षा जगात कोठे आहे काय, ह्याचा शोध घेता इंग्लंडचे उदाहरण आमच्या हाती लागले. तेथील पोलिसांच्याच मोटारगाड्यांना १९३०च्या सुमारास इतके अपघात होऊ लागले, की लंडनजवळ हेंडन येथे पोलिसांसाठी वाहनविद्येची स्वतंत्र शाळा काढावी लागली. लॉर्ड कॉटनहॅम नावाच्या शर्यतपटूने त्या शाळेस वळण लावले. शर्यतीत जन्म काढलेल्या माणसाने पोलिसांना सावकाशीचे शास्त्र शिकवावे, ही गंमत आम्हांस फार आवडली. त्या शिकवणीतून पुढे 'रोडक्राफ्ट' नावाचे पुस्तक झाले व १९५५ साली ते सर्वांस विकत मिळू लागले. १९५६ साली तेथे प्रगत वाहनचालकांची एक संस्था निघाली. ज्यास परवाना आहे, पण त्यावर ज्याचे समाधान नाही, अशा माणसाची ती पुन्हा परीक्षा घेते. आरंभी ही परीक्षा मोटारगाडीपुरती होती. १९७६ सालापासून मोटारसायकलस्वारांनाही ती देता येऊ लागली. ही परीक्षा कायद्याने सक्तीची नाही. जुने अनुभवी स्वार काही आठवडे उमेदवाराच्या मागून आपली गाडी चालवितात, त्याच्या चुका सांगतात, आणि तो तयार झाला म्हणजे पोलिसांत मुरलेला परीक्षक सुमारे दीड तास त्याच्या मागे राहून त्यास गावातून, मोठ्या रस्त्यावरून व आडवळणांतून नेतो. तेथीलच दुसरी एक संस्था सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा तीन प्रती देते, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावयास लावते. मिळालेले सुवर्ण तीन वर्षांनी पितळ ठरू शकते, हे तेथे गृहीतच धरलेले आहे.

आमच्या बैहरला अशी संस्था नाही. परंतु पुस्तक मागवता येते, आणि रस्ता तर देवाने व बांधकाम खात्याने मिळून असा दिला आहे की परीक्षेस काही कमी पडू नये. ज्या वाचकांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बालाघाट खाली वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. आमचे बैहर वर, मैकलच्या पठारावर. दोहोंमध्ये पासष्ट किलोमीटरांच्या आसपास अंतर. भरवेलीची मँगनीजची खाण मागे टाकली की गांगुलपाऱ्याचा तलाव लागतो, मग घाट, मग जंगल, मग उकव्याची खाण, आणि तेथून पुढे सरईच्या झाडांतून बैहर. मलाजखंडला तांब्याची खाण असल्यामुळे जड ट्रक ह्याच भागात फिरतात. मुक्कीकडे निघाले तर कान्हाचे अरण्य. तेथे चितळ, रानडुक्कर, गवा रस्ता ओलांडताना कोणाचा परवाना विचारीत नाहीत.

फेब्रुवारीच्या एका रविवारी मिस्सेनंतर आम्ही जाहीर केले, की ज्यास ही मोठी परीक्षा द्यावयाची असेल त्याने दुपारी शाळेच्या मैदानावर यावे. परीक्षार्थ्यांत पहिले नाव आमचे. चार तरुण आले. त्यांतला चौथा त्या वारलेल्या मुलाचा धाकटा भाऊ होता. त्याच्या आईने त्यास वर्षभर मोटारसायकलीस हात लावू दिला नव्हता, आणि त्यामुळे बालाघाटची नोकरी त्याच्या हातून जावयाच्या बेतात होती. आई म्हणाली, "ही परीक्षा पास झाला तर चालवू दे. नाही झाला तर मजुरी करील, पण माझ्या डोळ्यांपुढे राहील." तेव्हा आमच्यापैकी निदान एकाला तरी ही परीक्षा म्हणजे रविवारची करमणूक नव्हती.

परीक्षक म्हणून आम्हांस एक निवृत्त हवालदार लाभले. सैन्यात त्यांनी बरीच वर्षे मोटारसायकलीवरून टपाल पोहोचविले होते. स्वभावाने मितभाषी, मिशा पांढऱ्या, आणि कोणाची भीडमुर्वत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कोणासही गाडी सुरू करू दिली नाही. टायर दाबून पाहावयास लावले. टायरच्या खाचांतून तळाशी बारीक उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीस आली की टायर संपले, हे आमच्यापैकी तिघांस ठाऊक नव्हते. त्या तिघांत आम्ही होतो. मग हवा, ब्रेकची तार, साखळीचा सैलपणा, पुढचा-मागचा दिवा, आरसे. एका तरुणाने आरसे काढूनच ठेवले होते, कारण त्यांवाचून गाडी दिसावयास ऐटबाज दिसते म्हणे. "मग नवरीच्या वरातीत चालव," एवढेच हवालदारसाहेब म्हणाले आणि त्यास घरी पाठविले. पुढच्या रविवारी दोन्ही आरसे जागेवर होते.

पुस्तकातील मुख्य पद्धत पाच शब्दांची आहे: माहिती, जागा, वेग, गिअर आणि चाल. पुढे काही अडचण दिसली, मग ते वळण असो, गुरे असोत की उभा ट्रक असो, की प्रथम तिची माहिती घ्यावी. मग रस्त्यावर आपली जागा ठरवावी. मग वेग उतरवावा. उतरलेल्या वेगास साजेसा गिअर घालावा. आणि अडचण पार होताना हलकेच चाल द्यावी. तरुणांच्या लक्षात राहावे म्हणून आम्ही ते हाताच्या बोटांवर मोजून दाखविले. अंगठा म्हणजे माहिती. कारण अंगठा चारही बोटांस टेकतो, आणि माहिती घेणे हे उरलेली चारही कामे चालू असता थांबता कामा नये. आपली नेहमीची रीत ह्याच्या अगदी उलट असते. आपण वळणात शिरतो, मग घाबरतो, मग वाकलेल्या गाडीवर ब्रेक दाबतो, आणि खडी असली म्हणजे चाक निसटते.

वळणाविषयी पुस्तकाने दिलेली खूण तर सोन्याच्या तोलाची आहे. घाटात चालताना समोर पाहावे. रस्त्याची डावी व उजवी कड दूर जेथे एकमेकींस मिळाल्यासारखी दिसते, तो बिंदू धरावा. तो बिंदू आपल्याकडे सरकत येत असेल तर वळण आवळत आहे, वेग उतरवा. तो आपल्या बरोबरीने पुढे चालला असेल तर वेग ठीक आहे. तो लांब पळू लागला तर वळण सुटले, आता चाल द्यावी. आणि नियम एकच: जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यात, आपल्याच बाजूस, गाडी थांबविता आली पाहिजे. उजवे वळण असेल तर रस्त्याच्या डाव्या अंगास राहिल्याने लांबचे दिसते. डाव्या वळणात मध्याकडे थोडे सरकल्याने दिसते. पण आमच्या घाटात ट्रक वळण कापून येतात, म्हणून हवालदारसाहेबांनी पुस्तकात आपल्या हाताने दुरुस्ती केली: "दिसण्यासाठी मरू नये. ट्रकचा आवाज आला की डावीकडे." पुस्तकातही हेच आहे, की सुरक्षिततेपुढे जागेचा हट्ट सोडावा, फक्त तेथे ते इतक्या थोडक्यात सांगितलेले नाही.

ब्रेकचा धडा मैदानावर झाला. आपल्याकडे खेड्यांत एक समजूत पक्की बसली आहे, की पुढचा ब्रेक लावला म्हणजे माणूस हँडलवरून उडतो. त्यामुळे कित्येक जण जन्मभर मागच्या ब्रेकवरच गाडी चालवितात. वस्तुस्थिती अशी की ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक हलके होते व घसरते. थांबविण्याची खरी शक्ती पुढच्या चाकात असते. तो ब्रेक झटक्याने नव्हे, तर ओला कपडा पिळावा तसा क्रमाने आवळावयाचा, गाडी सरळ उभी असताना, आणि दोन्ही ब्रेक मिळून. वाळूवर व ओल्या पानांवर त्याहूनही हलक्या हाताने. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींस चाक जखडू न देणारी ए.बी.एस.ची यंत्रणा, व लहान गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली आहे. पण आमच्या गावातल्या निम्म्या गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि यंत्र नवे असले तरी हात जुनाच असतो.

मग चुन्याच्या रेघा ओढून अंतरे मोजली. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस धोका दिसल्यापासून ब्रेकला हात घालीपर्यंतच्या एका सेकंदात ११ मीटर पुढे गेलेला असतो. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर आणखी सुमारे १० मीटर. एकूण २१. ताशी ६० ला हेच अंतर ४० मीटर होते, आणि ८० ला सुमारे ६३. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हे शाळेत शिकलेले गणित आहे. पण चुन्याची ती तिसरी रेघ मैदानाच्या पार टोकाशी गेलेली पाहून चौघेही तरुण गप्प झाले. एकाने विचारले, "फादर, रात्री दिवा किती लांबचे दाखवितो?" दिवा लावून पाहिला. खालच्या झोतात तीस-चाळीस मीटरांपलीकडे स्पष्ट असे काही दिसेना. म्हणजे रात्री ताशी ६० ने जाणारा माणूस आपल्याच उजेडाच्या कडेवर चाललेला असतो. मुक्कीच्या रस्त्यावर एक चितळ ओलांडून गेले तर मागून दुसरे येतेच, हे आमच्याकडील पोरासही ठाऊक आहे. तरी वेग कोणी उतरवीत नाही.

ह्यापुढचा अभ्यास आम्हांस सर्वांत अधिक रुचला. इंग्लंडात उमेदवारास चालता चालता मोठ्याने बोलावयास शिकवितात: काय दिसते, त्यावरून पुढे काय संभवते, आणि मी काय करणार. तेथील पुस्तकातली उदाहरणे तेथील आहेत. आमची आम्ही तयार केली. मार्चात मोहाची झाडे दिसली, पहाटेची वेळ आहे, म्हणजे फुले वेचणारी माणसे झाडाखाली वाकलेली असणार व त्यांची पोरे रस्त्यावर. वासरू एका अंगाला दिसले तर गाय दुसऱ्या अंगाला आहे. रस्त्यावर ताजे शेण, म्हणजे वळणापलीकडे गुरे. ओल्या चिखलाच्या चाकोऱ्या शेतातून डांबरावर आल्या, म्हणजे ट्रॅक्टर पुढे आहे, आणि त्याच्या ट्रॉलीस मागे दिवा नाही. बाजाराचा दिवस, सायंकाळ, माणूस रस्त्याच्या मधोमध चालतो आहे, म्हणजे तो शुद्धीवर नाही. आणि समोरून येणारा दुचाकीस्वारही कदाचित त्याच बैठकीतून उठलेला असेल. ह्या शेवटच्या उदाहरणावर तरुण हसले. हवालदारसाहेब हसले नाहीत. मोहाची दारू पिऊन गाडी चालविणाऱ्यास आपण ह्या वर्गात घेणार नाही, असे त्यांनी त्याच वेळी सांगून टाकले, व एकाकडे नीट रोखून पाहिले. तो पुढच्या रविवारपासून आला नाही. आम्ही दोनदा त्याच्या घरी गेलो; ती गोष्ट निराळी आहे व ती येथे सांगण्याजोगी नाही.

हेल्मेटविषयी चर्चा निघाली तेव्हा आम्ही तरुणांस एक जुनी हकीकत सांगितली. अरबस्तानातील पराक्रमामुळे प्रसिद्धीस आलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात आपल्या घराजवळ मोटारसायकलीवरून जात असता, दोन सायकलवाल्या मुलांना वाचविण्यासाठी वळला व फेकला गेला. डोक्यास मार लागला. सहा दिवस तो बेशुद्ध राहून वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. रोगी हातचा गेला. पण त्यांनी तो विषय सोडला नाही. सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात कर्तव्यावरील स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. सर्वसामान्य लोकांसाठी तसा कायदा होण्यास मात्र १९७३ साल उजाडले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आहे. १ जून २०२१ पासून मानक चिन्हावाचूनचे हेल्मेट विकणेही बेकायदा आहे. तरी बाजारात टोपलीएवढ्या किमतीला टोपलीएवढेच काम देणारी हेल्मेटे मिळतात. पट्टा हनुवटीखाली आवळलेला नसेल तर चांगले हेल्मेटही पडण्यापूर्वीच डोके सोडून जाते. आणि एकदा जोराचा आदळ खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे.

ही हकीकत चालू असता तो धाकटा भाऊ खाली पाहत होता. नंतर तो आम्हांस एकटा भेटला व म्हणाला, "फादर, दादाने त्या दिवशी उकाडा होतो म्हणून घातले नाही. मीच म्हटले होते, राहू दे, जवळच तर जायचे आहे." वर्षभर हे त्याने कोणास सांगितले नव्हते. आम्ही त्यास जे सांगितले ते त्याच्या व आमच्यात राहील. आईस त्याने ते नंतर आपल्या तोंडाने सांगितले, एवढे मात्र लिहावयास त्याची परवानगी आहे.

आईबापांस येथे दोन शब्द कठोरपणे सांगावेसे वाटतात. दहावी पास झाल्याबद्दल मुलास मोटारसायकल देण्याची जी चाल पडत चालली आहे ती आम्हांस मुळीच पसंत नाही. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षांखाली मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालविली तर पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाकारला जातो. मागे एकाहून अधिक माणूस बसविणे कायद्यास मंजूर नाही; आमच्या चर्चच्या आवारात मात्र रविवारी एका गाडीवरून चार माणसांचे कुटुंब उतरताना दिसते, आणि ती मिस्सेस वेळेवर आली म्हणून आम्हीही आजवर आनंदच मानीत आलो. चार वर्षांखालील मुलास चालकाशी बांधणारा पट्टा, डोक्यास बेताचे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत, असा नियम २०२३ सालापासून आहे. तो पट्टा आम्ही गोंदियाच्या बाजारातून मागविला आहे. ज्या आयांना पाहावयाचा असेल त्यांनी धर्मगुरुनिवासात यावे. तसेच, वाटेत कोणी पडलेला दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. जखमीस इस्पितळात पोहोचविणाऱ्यावर दावा होऊ शकत नाही, व त्याच्या इच्छेविरुद्ध नाव सांगण्याची त्यावर सक्तीही करता येत नाही, असे संरक्षण त्याच २०१९ च्या दुरुस्तीने दिले आहे.

कोणी म्हणेल, फादरांना ह्या उठाठेवीचे काय कारण? त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९२५ साली आफ्रिकेत ओटो फुरमान नावाचे मिशनरी धर्मगुरू तापाने आजारी पडले, आणि वेळेवर वैद्याकडे नेण्यास वाहन नसल्यामुळे वारले. त्यांचे मित्र फादर पॉल शुल्टे ह्यांनी दोन वर्षांनी जर्मनीत 'मिवा' नावाची संस्था काढली. मिशनभूमीस वाहने पुरवावीत हा तिचा हेतू. पुढे ऑस्ट्रियातही तशी संस्था झाली. तेथे संत ख्रिस्तोफरच्या सणाच्या सुमारास वाहनचालकांस विनंती करतात, की वर्षभरात अपघातावाचून काटलेल्या दर किलोमीटरमागे एका सेंटचा दहावा भाग द्यावा. वाहन नसल्यामुळे एक धर्मगुरू गेला. वाहन असून नसल्यासारखे चालविल्यामुळे जाण्याची आमची इच्छा नाही. रात्री-अपरात्री रोगी-अभ्यंगाचे बोलावणे आले म्हणजे आम्हांस मोटारसायकलच काढावी लागते, आणि घाईचा मोह त्या वेळी जेवढा होतो तेवढा कधीच होत नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी परीक्षा झाली. पहाटे साडेपाचास बैहरहून निघून उकवा ओलांडून, घाट उतरून गांगुलपाऱ्याच्या तलावाशी यावयाचे; एकेकाने स्वतंत्र दिवशी नव्हे, पण स्वतंत्र अंतराने. एका माणसामागून हवालदारसाहेब किती वेळा ये-जा करणार? म्हणून दोन शनिवार लागले. पहिल्या शनिवारी दोन तरुण उतरले. एक रौप्य, एक नापास. त्याने घाटात एस.टी.एवढी मोठी बस वळणावर ओलांडली. दुसऱ्या शनिवारी तो धाकटा भाऊ व आम्ही.

आमची स्वारी, सांगावयास हरकत नाही, चांगली चालली होती. बिंदूवर नजर ठेवली, पाचही बोटे मोजली, एका ट्रकला जागा करून दिली. दर दोन सेकंदांच्या अंतराने पुढच्या वाहनामागे राहिलो. तोंडाने पुटपुटणे चालूच होते, आणि मागून येणाऱ्या हवालदारसाहेबांस ऐकू जावे म्हणून भ्रमणध्वनीची तार कानास लावलेली होती. घाटापूर्वीच्या एका वस्तीत आम्ही मोठ्याने म्हटले, "उजवीकडे हातपंप, तीन बायका, दोन मुले, एकाच्या हातात चाक." आणि पुढे निघालो. मुले होती तेथेच राहिली. काहीही झाले नाही.

तलावाच्या काठावर उतरल्यावर हवालदारसाहेबांनी हेल्मेट काढले, मिशा पुसल्या व म्हणाले, "फादर, नापास."

आम्ही कारण विचारले.

"हातपंप तुम्ही पाहिला. मुले पाहिली. चाकसुद्धा पाहिले. मला सगळे सांगितलेत, चांगले सांगितलेत. आणि गाडी पन्नासवर होती ती पन्नासवरच ठेवलीत."

वीस वर्षे आम्ही दर रविवारी लोकांपुढे उभे राहून बोलत आलो आहोत. तलावाकडे पाहत आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. तो धाकटा भाऊ आमच्यासाठी टपरीवरून चहा घेऊन आला. त्यास कांस्य मिळाले होते. त्याच्या वहीत हवालदारसाहेबांनी लिहिले होते, की हळू चालवितो, ओलांडताना खांद्यावरून मागे पाहावयास दोनदा विसरला, वस्तीत शिरताना प्रत्येक वेळी वेग उतरविला. तो तेथूनच पुढे बालाघाटला नोकरीच्या चौकशीस गेला. जाण्यापूर्वी त्याने आईस दूरध्वनी केला व आमच्या हाती दिला. "पास का हो, फादर?" तिने विचारले. आम्ही म्हटले, "तो पास आहे. आम्ही नापास." पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग ती हसली. वर्षभरात तिचे हसू आम्ही प्रथमच ऐकले.

परतीच्या वाटेवर हवालदारसाहेबांनी आम्हांस पुढे घातले व त्या वस्तीतून तीन वेळा नेले. मुले अजून तेथेच होती. तिसऱ्या खेपेस त्यांनी आम्हांस हात केला. आमची फेरपरीक्षा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात आहे. तोवर पावसातला अभ्यास करावयाचा असून, ज्यांना बरोबर यावयाचे असेल त्यांनी मैदानावर यावे. येताना आरसे लावून यावे. मागचे टायर आम्ही बदलून घेतले आहे.